तीन भिंतींपलीकडची घंटा

रात्रीचे साडेअकरा. उद्या सबमिशन. तुम्ही हॉस्टेलच्या कोपऱ्यातल्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलाय आणि वायफायची एकच दांडी येतेय. ती पण मधूनच जाते. राऊटर तीन खोल्या सोडून पलीकडे. मग तुम्ही लॅपटॉप उचलून दाराशी जाता, खिडकीत जाता, कॉटवर उभे राहता. रूममेट हसतो. पण खरं सांगू? तुम्ही त्या वेळी जे करत असता, ते अगदीच येडचापपणाचं नसतं. सव्वाशे वर्षांपूर्वी कोलकात्यात एक प्राध्यापक जवळपास हेच करत होते. फरक एवढाच, की त्यांच्याकडे राऊटर नव्हता. तो त्यांना आधी बनवावा लागला.

त्यांचं नाव जगदीशचंद्र बोस. शाळेच्या पुस्तकात तुम्हाला ते झाडांचे शास्त्रज्ञ म्हणून भेटले असतील. आज त्यांचा आधीचा अवतार बघू.

पगार नको, पण निम्मा तर नकोच

३० नोव्हेंबर १८५८ चा जन्म. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. त्या काळी साहेबाच्या नोकरीतला माणूस पोराला इंग्रजी शाळेत घालणार हे ठरलेलं. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. तिथे कोळ्याचं पोर, शिपायाचं पोर आणि अधिकाऱ्याचं पोर एका बाकावर. मासे, पाखरं, झाडं यांच्या गोष्टी जगदीशनं या दोस्तांकडूनच ऐकल्या.

पुढे कोलकात्याचं सेंट झेवियर्स. तिथे फादर लाफाँ यांनी भौतिकशास्त्राची गोडी लावली. मग डॉक्टर व्हायला लंडन. पण अंगात जुना ताप मुरलेला, त्यात शवविच्छेदनाच्या खोलीतला वास. तब्येत ढासळली आणि मेडिकल सुटलं. ड्रॉप घेतल्यावर आपलं काही खरं नाही असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. ते केंब्रिजला गेले, लॉर्ड रॅले यांच्यासारख्या गुरूच्या हाताखाली विज्ञान शिकले आणि १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून लागले.

इथे पहिली ठिणगी पडली. एकाच कामाला गोऱ्या प्राध्यापकाला पूर्ण पगार, भारतीयाला दोन तृतीयांश. त्यातही बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे हिशेबाला एक तृतीयांश. बोस यांनी भांडण केलं नाही, राजीनामाही दिला नाही. रोज वेळेवर जाऊन शिकवायचं आणि पगाराला हात लावायचा नाही, असं ठरवलं. एक महिना नव्हे, तीन वर्षं! घरी वडिलांवर कर्ज, त्यात १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालेलं. शेवटी कॉलेज नमलं. नेमणूक कायम झाली, मागची सगळी थकबाकी पूर्ण दराने मिळाली आणि त्या पैशातून वडिलांचं कर्ज फिटलं.

बाथरूमशेजारची लॅब

१८९४ साली, छत्तिसाव्या वाढदिवसाला, त्यांनी ठरवलं की आता संशोधन करायचं. हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने काही वर्षं आधी विद्युतचुंबकीय लहरी निर्माण करून दाखवल्या होत्या आणि ऑलिव्हर लॉज यांनी त्यावर लिहिलेलं बोस यांच्या वाचनात आलं होतं. कॉलेजात लॅब कुठली? बाथरूमला लागून एक खोली होती, जेमतेम चोवीस चौरस फुटांची. उपकरणं बनवायला एक पत्र्याचं काम करणारा कारागीर. खर्च स्वतःच्या खिशातून.

आता अडचण बघा. हर्ट्झच्या लहरी बऱ्याच लांब, एकेक लहर दोन फुटांच्या आसपास. एवढ्या लहरींना वळवायला, परतवायला भिंगं आणि आरसेही अवाढव्य लागतात. चोवीस चौरस फुटांत ते मावणार कसे? बोस यांनी उलटा विचार केला. खोली मोठी होत नाही ना, मग लहर छोटी करू. त्यांनी ती पाच मिलिमीटरपर्यंत खाली आणली. आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ.

तुमचं वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर चालतं. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर, ५ ची सहा. लहर जितकी आखूड, तितकी ती भिंतीत जास्त अडकते. म्हणून राऊटरसमोर ५ चा स्पीड झकास, पण तीन खोल्या पलीकडे २.४ च तग धरतं. लॅपटॉपवर दोन नावं दिसत असतील, तर लांबच्या खोलीत २.४ वालं निवडून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

लाटसाहेबांच्या आरपार

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये बोस यांनी जाहीर प्रयोग केला. एका खोलीत लहरी सोडणारं यंत्र, घंटा आणि स्फोटाची दारू पंचाहत्तर फुटांवर तिसऱ्या खोलीत. मध्ये तीन भिंती. वाटेत अध्यक्ष म्हणून बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर मॅकेन्झी बसलेले. तार कुठेही नाही. बोस यांनी ठिणगी पाडली आणि लहर भिंतींतून, लाटसाहेबांच्या देहातून पार झाली. पलीकडे घंटा वाजली, दारू उडाली.

मग प्रश्न येतोच. तेव्हा तीन भिंती पार झाल्या, तर आज आमचा व्हिडिओ एका भिंतीत का अडतो? उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. घंटा वाजवायची ताकद लहरीने आणलीच नव्हती, ती तिथल्याच बॅटरीत होती. लहरीने फक्त स्विच ढकलला, तोही एकदाच. तुमच्या लॅपटॉपला मात्र सेकंदाला लाखो बिट न चुकता ओळखायचे असतात. पोहोचणं वेगळं आणि नीट ऐकू येणं वेगळं. शिवाय रेंज जाते तीही थोडीथोडकी नाही. मीटरवर उणे ५० चा आकडा उणे ८० वर गेला, की हाती आलेली शक्ती हजारपटीने घटलेली असते.

या प्रयोगाची आणखी एक गंमत त्यांचे चरित्रकार सांगतात. एवढ्याशा यंत्राची लहर लांब जावी म्हणून बोस यांनी वीस फुटी खांबावर धातूची गोल चकती चढवली आणि ती यंत्राला जोडली. तशीच एक ऐकणाऱ्या बाजूलाही. म्हणजे अँटेना उंचावर! आणि आपण राऊटर कुठे ठेवतो? टीव्हीमागे, जमिनीवर, लोखंडी कपाटाआड. बोससुद्धा आपलं यंत्र धातूच्या पेटीत ठेवायचे, पण लहर भलतीकडे सांडू नये म्हणून. आपण ती हवी तिकडेच अडवतो. राऊटर उंच आणि मोकळा ठेवा. मध्ये लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी, मायक्रोवेव्ह नको. पाणी लहर शोषतं, धातू परतवतो.

ताग, टाइमटेबल आणि लॅपटॉपची दिशा

लहरी प्रकाशासारख्याच वागतात का, हा बोस यांचा खरा ध्यास होता. १८९५ साली एशियाटिक सोसायटीत वाचलेला त्यांचा पहिला निबंध स्फटिकांतून जाताना या लहरींची कंपनाची दिशा कशी बदलते यावर होता. पुढे त्यांनी तागाचा पीळ घेऊन त्यातून लहर वळवून दाखवली. रेल्वेच्या वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तकसुद्धा त्यांनी लहर गाळायच्या जाळीसारखं वापरलं. बंगालात ताग आणि रेल्वे दोन्ही मुबलक, हाताशी आहे ते वापरायचं.

तुम्ही लॅपटॉप फिरवता तेव्हा हाच खेळ चालू असतो. लॅपटॉपची अँटेना बहुधा स्क्रीनच्या चौकटीत असते. राऊटरच्या काडीतून लहर टोकातून नव्हे, बाजूंनी बाहेर पडते. म्हणून टोक आपल्या खोलीकडे रोखू नका, काडी उभी ठेवा. दोन असतील तर एक उभी, एक आडवी. आणि लॅपटॉपला जोडलेली जलद यूएसबी ड्राइव्ह २.४ वर गोंगाट करते. ती काढून बघा.

दमलेला रिसीव्हर

लहर पकडायला तेव्हा धातूचा कीस भरलेली नळी वापरत. लहर आली की कीस चिकटे आणि वीज वाहू लागे. पण बंगालच्या दमट हवेत कीस गंजायचा. बोस यांनी कीस टाकून बारीक स्प्रिंगा घेतल्या, त्यांच्यावरचा दाब हवा तसा बदलता येई. पुढे त्यांनी पारा आणि लोखंडाचा, मग गॅलिना या खनिजाचा लहर ओळखणारा भाग बनवला. त्याचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं. अर्धवाहकाच्या उपकरणाचं हे जगातल्या अगदी पहिल्या पेटंटांपैकी एक. ते घ्यायलाही भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांना त्यांच्या मागे लागावं लागलं. ज्ञान विकायचं नाही, हा त्यांचा बाणा. पेटंटमधून त्यांनी पैसा केलाच नाही. १९०१ मध्ये मार्कोनींनी अटलांटिकपार संदेश पकडला आणि १९०९ चं नोबेल ब्राउन यांच्यासोबत घेतलं. मार्कोनींना संदेश पाठवायचा होता, बोस यांना लहर समजून घ्यायची होती. दोघांच्या वाटाच वेगळ्या. पण बोस यांच्या वाटेची नोंद जगाने उशिरा घेतली, हेही खरं.

रिसीव्हर सतत वापरला की त्याची संवेदना कमी होते आणि थोडी विश्रांती दिली की परत येते, हे बोस यांच्या लक्षात आलं. धातूही दमतो? या एका प्रश्नावरून ते सजीवांच्या प्रतिसादाकडे आणि तिथून झाडांकडे वळले. लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांनी विरोध केला, रॉयल सोसायटीने एक निबंध छापायचा थांबवला. बोस मागे हटले नाहीत. झाडाची वाढ कोटीपटीने मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवला. त्यांचे काही निष्कर्ष वादात राहिले, पण झाडात विजेचे संकेत धावतात हे पुढे पक्कं झालं. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट उभारली, १९२० मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीह इथे ते गेले.

आज ६० गिगाहर्ट्झवरही वायफाय चालतं. एकाच खोलीत, तुफान वेगाने. त्या छोट्या खोलीतली लहर फिरून तुमच्याच टेबलावर आली.

म्हणून आज रात्री दांडी गेली, की आधी राऊटरला शिव्या देऊ नका. क्रमाने बघा. राऊटर उंच आणि मोकळा आहे का? मध्ये लोखंड किंवा पाणी आहे का? २.४ लावून पाहिलं का? काडी उभी आहे का? बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये लॅपटॉप वायफायचा जोर कमी करतोय का? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते बघा. बोस यांनीही खोली लहान म्हणून रडत न बसता लहर छोटी केली होती.

आणि काहीच जमलं नाही, तर लॅपटॉप बंद करून जरा विश्रांती द्या. रिसीव्हर दमतो, हे त्यांनीच सांगितलंय.