विश्लेषण : झाडे मोजणारा जर्मन आणि बुलढाण्याचे जंगल, कोण होते डीट्रिख ब्रँडिस?

यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ सुमारे तेराशे किलोमीटर भटकून डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे त्याचा मार्ग कळला. तो मार्ग बराचसा शेतांतून, नाल्यांतून आणि गावांलगतच्या तुकड्या-तुकड्यांच्या जंगलातून गेला होता. अभयारण्याबाहेरचे हे जंगल राखायचे कुणी, वन विभागाने की गावाने, हा वाद दीडशे वर्षांचा आहे. त्या वादाच्या केंद्रस्थानी एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होता : भारताचे पहिले वन महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस.

बॉनचा प्राध्यापक जंगलात कसा आला?

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी बॉनमध्ये झाला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ग्रीसच्या राजाकडे त्यांची नेमणूक झाल्याने डीट्रिख यांच्या लहानपणीचा काही काळ अथेन्समध्ये गेला. पुढे त्यांनी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि बॉनमध्येच शिकवू लागले. वनशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भारताचे दार उघडले ते लग्नामुळे. पत्नी रेचेल या बंगालमधील श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या कन्या. या नात्यातून ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्यापर्यंत गेले. ब्रिटिशांनी १८५२ मध्ये ब्रह्मदेशातील पेगू प्रांत जिंकला होता आणि तिथला साग व्यापारी बेसुमार तोडत होते. जहाजांना साग हवा होता, रेल्वेला स्लीपर. १८५६ मध्ये ब्रँडिस पेगूच्या जंगलांचे अधीक्षक झाले.

बांबूच्या कांड्यांवर जंगल कसे मोजले?

त्यांच्या आयुष्यातील हा भाग सर्वांत रंजक, निदान इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला तरी. जंगलात किती साग आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते, मग किती तोडायचा हे ठरणार कसे? पावसाळी, दमट रानात कागद-शाई टिकत नसे. ब्रँडिस हत्तीवर बसून डोंगरधारांवरून आणि वाटांवरून जात. एका खिशात बांबूच्या चार कांड्या, दुसऱ्या खिशात चाकू. सागाचे घेरानुसार त्यांनी चार वर्ग केले होते. सहा फूट आणि त्याहून जास्त घेराची झाडे पहिल्या वर्गात. दिसेल त्या प्रत्येक सागासाठी त्या वर्गाच्या कांडीवर एक खाच. मुक्कामाला पोहोचल्यावर खाचा मोजायच्या. आज याला आपण सँपलिंग म्हणतो. तेव्हा ते मलेरियाने भरलेल्या जंगलात, रोज, एका माणसाच्या नजरेच्या भरवशावर चालले होते.

या मोजणीतून सोपा नियम निघाला. दुसऱ्या वर्गातील जितकी झाडे वाढून पहिल्या वर्गात येतील, तितकीच मोठी झाडे तोडायची. मुद्दल शाबूत ठेवून व्याज खायचे. रंगूनच्या लाकूड व्यापाऱ्यांना हे मुळीच मानवले नाही. जंगल खासगी तोडीला खुले करावे म्हणून त्यांनी दबाव आणला.

‘टाँग्या’ म्हणजे काय?

करेन ही डोंगराळ भागातील जमात झाड-झुडूप जाळून फिरती शेती करीत असे. सरकारी अधिकाऱ्यांच्या लेखी ती जंगलाची शत्रू. ब्रँडिस यांनी उलटा विचार केला : भाताबरोबर त्याच जमिनीत सागाची रोपे लावा, त्याचा मोबदला घ्या, दोन-तीन वर्षांनी शेत पुढे सरकेल, मागे सागाचे रान उभे राहील. या पद्धतीला ‘टाँग्या’ म्हणतात. ती पुढे आशिया-आफ्रिकेत अनेक ठिकाणी गेली. मात्र तिचे गोडवे गाताना एक गोष्ट सहसा सुटते. लावलेला साग सरकारचा होत असे आणि लावणाऱ्याला त्या जमिनीवर पुन्हा शेती करता येत नसे. स्वस्तात वनीकरण झाले, जमीन मात्र गेली.

१८७८ मध्ये काय हरले?

१८६४ मध्ये वन विभाग स्थापन झाला आणि ब्रँडिस त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. १८६५चा पहिला वन कायदा अपुरा ठरल्यावर नव्या कायद्यावरून दोन तट पडले. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याच्या मते जंगल संपूर्ण सरकारचे. गावकऱ्यांचा वापर हा हक्क नव्हे, सवलत. मद्रास सरकारला उलट लोकांचे हक्क कायम हवे होते. ब्रँडिस मध्ये उभे होते. मोक्याची जंगले सरकारने राखीव करावीत, पण त्याखेरीज गावांची स्वतःची वनेही असावीत, असा त्यांचा आग्रह होता. राजपुताना आणि म्हैसूरमधील देवराया त्यांनी पाहिल्या होत्या. लोक जंगल राखू शकतात हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

१८७८च्या कायद्यात ग्रामवनांचे प्रकरण आले, पण बहुतांश कागदावरच राहिले. राखीव जंगले मात्र झपाट्याने वाढली. अर्थात, ब्रँडिस हेही साम्राज्याचेच नोकर होते. त्यांनीच उभारलेल्या खात्याने पुढे गावांना जंगलाबाहेर काढले.

१८८३ मध्ये ते निवृत्त झाले. अमेरिकेच्या वनसेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचॉट यांना तरुणपणी वनशिक्षणाची दिशा त्यांनीच दाखवली. ‘इंडियन ट्रीज’ हा ग्रंथ १९०६ मध्ये, त्यांच्या वयाच्या ८२व्या वर्षी प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, २८ मे १९०७ रोजी, बॉनमध्ये त्यांचे निधन झाले.

बुलढाण्याशी संबंध काय?

बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात होता आणि वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, कारभार इंग्रजांचा. त्यामुळे इथे वेगळा वन कायदा लागला. तिथेही जंगलाची विभागणी झाली : लाकूड-जळणासाठी राखीव वने, गवताची रमणे आणि चराऊ राने. जिल्ह्यात आजही गावोगावी ‘ई-क्लास’ जमिनीवरून भांडणे होतात, त्या वर्गवाऱ्या त्याच काळातल्या.

आज ज्ञानगंगाचे २०५ चौरस किलोमीटर आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पात असलेल्या अंबाबरवाचे सुमारे १२७ चौरस किलोमीटर क्षेत्र संरक्षित आहे. त्याभोवती, विशेषतः संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी गावे आहेत. त्यांचे जळण, चराई, मोह आणि तेंदूपाने त्याच रानातून येतात.

ग्रामवनाची तरतूद १९२७च्या कायद्यात कलम २८ म्हणून कायम राहिली. महाराष्ट्राने त्यासाठी नियम केले ते थेट २०१४ मध्ये, म्हणजे १८७८ नंतर १३६ वर्षांनी. तोवर २००६चा वनहक्क कायदा आला होता. त्यात सामूहिक वनहक्क ग्रामसभेचा आहे. ग्रामवनात मात्र जंगल गावाला सोपवणे आणि परत घेणे सरकारच्या हाती. त्यामुळे या नियमांना संघटनांनी विरोध केला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीरने वनहक्काचा मार्ग धरला. २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर गावाने उजाड रान राखून पुन्हा उभे केले आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.