पगार न घेता येलला फुटबॉलचा बादशाह बनवणारा माजी विद्यार्थी

अमेरिकेत एखाद्या कॉलेजची टीम चॅम्पियन होते, तेव्हा त्यामागे कोचइतकाच माजी विद्यार्थ्यांचाही हात असतो. कोणी स्टेडियमसाठी पैसे देतं, कोणी स्कॉलरशिपसाठी. या परंपरेची मुळं शोधायला गेलं की एक नाव हमखास येतं, वॉल्टर कॅम्प.

१८५९ साली कनेक्टिकट राज्यात जन्मलेला कॅम्प १८७६ मध्ये येल कॉलेजात आला आणि पुढे फुटबॉल टीमचा कॅप्टन झाला. हा आपला फुटबॉल नव्हे बरं का, रग्बीतून तयार होत असलेला अमेरिकन फुटबॉल. एका टीममध्ये ११ खेळाडू, ‘डाउन’ची पद्धत हे नियम आले ते त्याच्याच पुढाकाराने.

शिक्षण संपलं, पण येल काही सुटलं नाही. न्यू हेवनमधल्या घड्याळाच्या कंपनीत नोकरी असल्याने त्याला प्रॅक्टिसला जाणं जमत नसे. १८८८ मध्ये त्याचं लग्न झालं आणि हा प्रश्न सुटला. पत्नी ॲलिस मैदानावर जाऊन कोण कसं खेळतंय ते बघायची. संध्याकाळी कॅम्प त्यावरून खेळाडूंना सूचना द्यायचा. त्या सीझनमध्ये येलने १३ पैकी १३ सामने जिंकले. येलचे पॉइंट्स ६९८, समोरच्या सगळ्या टीम्सचे मिळून शून्य!

येलचे इतर जुने खेळाडूही नव्या पोरांना शिकवायला परत येऊ लागले. हे त्यांचं दान वेळेचं होतं.

पण यशासोबत पैसा आला आणि पैशासोबत वाद. मुख्यतः तिकीटविक्रीतून साठलेला सुमारे १ लाख डॉलरचा राखीव निधी कॅम्पच्या हातात होता. १९०५ मध्ये एका मासिकाने हे प्रकरण बाहेर काढलं. खेळाडूंच्या खासगी शिकवण्यांवरही त्यातून खर्च होत असल्याचं समोर आलं. हौशी खेळाचा कैवारी म्हणवणाऱ्या कॅम्पसाठी ही नाचक्कीच होती.

१९१४ मध्ये सुमारे ७० हजार प्रेक्षकांचं ‘येल बोल’ स्टेडियम उभं राहिलं. त्यासाठीही माजी विद्यार्थ्यांनी पैसे दिले. पण पहिल्याच सामन्यात हार्वर्डने येलला ३६-० ने धुतलं. पैशांतून स्टेडियम उभं राहतं, विजयाची खात्री मात्र मिळत नाही.

१९२५ मध्ये नियम समितीच्या बैठकीसाठी न्यूयॉर्कला गेलेला असताना कॅम्पचं निधन झालं. तीन वर्षांनी येलमध्ये त्याच्या नावाचं भव्य प्रवेशद्वार उभारलं गेलं. तेही अर्थात देणग्यांमधूनच!