रे. एरिक लिडेल : धांवपटु, शिक्षक आणि पिता

शर्यतींत पहिला आलेला मनुष्य पुष्कळांच्या स्मरणांत राहतो. परंतु शर्यत संपल्यावर तो घरांत व कामावर कसा वागला, हें पाहणारे थोडे. स्कॉटलंडचे नामांकित धांवपटु रे. एरिक लिडेल यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों, तें ह्या दुसऱ्या गोष्टीसाठीं.

एरिक यांचा जन्म ता. १६ जानेवारी १९०२ रोजीं चीन देशांतील तिएनत्सिन शहरीं झाला. त्यांचे आईबाप लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी होते. बालपणींच त्यांस व वडील बंधु रॉबर्ट यांस शिक्षणासाठीं इंग्लंडांतील शाळेंत ठेवण्यांत आलें. आईबाप एका देशीं व मुलें दुसऱ्या देशीं, हा वियोग त्यांनीं लहानपणींच सोसला. पुढें एडिंबरो विद्यापीठांत शिकत असतां ते रग्बी नांवाच्या चेंडूच्या खेळांत स्कॉटलंडच्या संघांतून खेळले. धांवण्यांत तर त्यांची बरोबरी करणारे थोडेच होते. १९२३ सालीं एका शर्यतींत धक्का लागून ते पडले; इतर गडी सुमारें वीस यार्ड पुढें गेले; तरी उठून त्यांनीं सर्वांस गांठलें व पहिला नंबर मिळविला.

१९२४ सालीं पॅरिस येथें ऑलिंपिक सामने भरले. शंभर मीटरची धांव हें त्यांचें खास अंग. पण तिची पहिली फेरी रविवारीं होती. प्रभूच्या दिवशीं आपण धांवणार नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. पुष्कळांस तें रुचलें नाहीं. त्यांनीं मात्र वाद न घालतां चारशें मीटरच्या शर्यतीसाठीं मेहनत केली, आणि ता. ११ जुलै रोजीं ती ४७.६ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळविलें. दोनशें मीटरच्या शर्यतींतहि त्यांस कांस्यपदक मिळालें.

कीर्ति अशी शिखरास पोहोंचली असतां १९२५ सालीं ते चीनांत परतले व तिएनत्सिनच्या कॉलेजांत मुलांस शास्त्र व खेळ शिकवूं लागले. १९३२ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९३४ सालीं कॅनडाच्या मिशनरी कुटुंबांतील फ्लॉरेन्स मॅकेंझी ह्या परिचारिकेशीं त्यांचा विवाह झाला. पाट्रिशिया व हेदर ह्या दोन मुलींनीं घर भरलें. परंतु १९३७ सालीं खेड्यांतील कामाचें बोलावणें आलें. सिआओचांग भागांत दुष्काळ, पूर आणि जपानी फौजेचा धुमाकूळ होता. म्हणून बायकामुलांस शहरांत ठेवून ते एकटे तिकडे गेले. तेथें त्यांचे बंधु दवाखाना चालवीत होते. एरिक कधीं पायीं, कधीं सायकलीवर गांवोगांव फिरून मंडळ्यांस धीर देत.

१९४१ सालीं युद्धाचें संकट वाढलें, तेव्हां गरोदर पत्नीस व दोघी मुलींस त्यांनीं कॅनडास पाठविलें. तेथें मॉरीन ही तिसरी मुलगी जन्मली. तिला कडेवर घेण्याचें भाग्य बापास लाभलें नाहीं. १९४३ सालीं जपान्यांनीं त्यांस वेइशिएन येथील छावणींत कोंडलें.

त्या छावणींत आईबापांपासून तुटलेलीं पुष्कळ मुलें होतीं. एरिक त्यांस गणित व शास्त्र शिकवीत, मोडक्या काठ्या दुरुस्त करून हॉकी खेळवीत. रविवारीं खेळ नको, हा त्यांचा नियम तेथेंहि होता. पण एका रविवारीं मुलें आपणच खेळूं लागलीं आणि मारामारी झाली. पुढच्या रविवारीं एरिक स्वतः पंच म्हणून मैदानांत उभे राहिले!

वाचकहो, ह्यांत त्यांचा निश्चय ढळला असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. स्वतःच्या सुवर्णपदकासाठीं जो नियम त्यांनीं मोडला नाहीं, तो परक्यांच्या लेंकरांसाठीं त्यांनीं बाजूस ठेविला. ज्याचीं स्वतःचीं मुलें समुद्रापलीकडे होतीं, त्यास जवळचीं मुलें अशीं एकमेकांवर तुटून पडलेलीं पाहवलीं नाहींत.

ता. २१ फेब्रुवारी १९४५ रोजीं मेंदूतील गांठीच्या रोगानें ते वारले. वय अवघें ४३. छावणी ऑगस्टांत मोकळी झाली. फ्लॉरेन्सबाईंस मृत्यूची बातमी मे महिन्यांत कळली. तीन मुलींस त्यांनींच वाढविलें. एरिक यांच्या नांवाबरोबर त्यांचेंहि नांव आम्हीं घेतलें पाहिजे. सेवेसाठीं घर सोडून फिरणाऱ्या प्रत्येकाच्या मागें घर धरून बसलेलें कोणी असतें, आणि त्या शर्यतीस टाळ्या वाजत नाहींत.