टेलरचे घड्याळ

वाणिज्य आणि व्यवसाय प्रशासनाच्या पदवी वर्गांना उत्पादन व्यवस्थापन हा विषय असतो. त्याच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडले की फ्रेडरिक विन्स्लो टेलर भेटतो. ‘शास्त्रीय व्यवस्थापनाचा जनक’ हे बिरुद, चार तत्त्वे, फावड्याचा एखादा आकडा आणि लगेच पुढचा मुद्दा. पाच गुणांच्या टीपेला एवढे पुरते. आपल्या कला शाखेत तर त्याचे नावही क्वचितच निघते. पण त्याचे चरित्र वाचू लागले की एक गंमत लक्षात येते. हा विषय वर्गात बसून शिकता येईल, यावर खुद्द टेलरचाच विश्वास नव्हता!

टेलरचा जन्म २० मार्च १८५६ रोजी अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागात झाला. घर सुखवस्तू, क्वेकर पंथाचे. वडील वकील, आणि मुलानेही तोच मार्ग धरावा अशी घरची अपेक्षा. १८७४ साली त्याने हार्वर्डची प्रवेशपरीक्षा उत्तम रीतीने पार पाडली. परंतु डोळ्यांच्या व डोकेदुखीच्या त्रासामुळे वकिलीचा बेत बारगळला. श्रीमंताघरचा हा मुलगा मग एका पंपांच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. लाकडी नमुने घडवणे, लेथ चालवणे ही कामे तो तिथे चार वर्षे शिकला.

१८७८ साली तो मिडव्हेल पोलाद कारखान्यात साधा मजूर म्हणून लागला आणि काही वर्षांतच मुख्य अभियंता झाला. मधल्या काळात घरीच अभ्यास करून त्याने १८८३ साली स्टीव्हन्स संस्थेची यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळवली. १८८१ मध्ये क्लॅरन्स क्लार्कबरोबर त्याने अमेरिकेची टेनिसमधील दुहेरी राष्ट्रीय स्पर्धाही जिंकली होती. बूड टेकवून स्वस्थ बसणे या माणसाच्या स्वभावातच नसावे.

मिडव्हेलमध्ये त्याने एक गोष्ट जवळून पाहिली. कामगार हात राखून काम करीत. मालक याला आळस म्हणत. टेलर स्वतः लेथवर उभा राहिलेला असल्यामुळे त्याला खरे कारण ठाऊक होते. नगावर मजुरी मिळे, पण कामगारांनी जास्त नग काढले की मालक नगाचा दर उतरवी. म्हणजे घाम दुप्पट आणि पैसे तेवढेच. मग हात न राखील तो मूर्खच! हे ओळखणे हा टेलरचा खरा मोठेपणा, असे मला वाटते.

पण तो टोळीचा मुकादम झाला आणि बाजू बदलली. आता आपण मालकाचे आहोत, हे त्याने जुन्या सोबत्यांना तोंडावर सांगितले. पुढची तीन वर्षे झगडा चालला. यंत्रे मुद्दाम मोडली गेली, टेलरने दंड बसवले. रात्री रेल्वेच्या रुळांवरून एकटा घरी जाऊ नकोस असे इष्टमित्र बजावत. तो तसाच जात असे. अखेर तो जिंकला, पण त्या दिवसांची कटुता तो पुढे कधी विसरला नाही. एका दिवसाचे वाजवी काम किती, हेच कोणी मोजलेले नाही, ते मोजले तर भांडणच मिटेल, अशी त्याची पक्की समजूत झाली. हाती स्टॉपवॉच आले ते या समजुतीतून.

त्याचे सर्वांत भक्कम काम मात्र धातू कापण्याचे. कोणत्या वेगाने, किती खोल, कसल्या हत्याराने कापावे, याचे प्रयोग त्याने सुमारे २६ वर्षे चालवले आणि त्यांत ८ लाख पौंड लोखंड-पोलादाचा कीस पाडला. याच प्रयोगांच्या ओघात बेथलहेम पोलाद कारखान्यात मॉन्सेल व्हाइटबरोबर त्याने जलदगती पोलादाची हत्यारे तयार केली. तापून लाल झाली तरी त्यांची धार टिके.

बेथलहेमला तो १८९८ साली गेला. तिथले मजूर आपापले फावडे घरून आणीत. त्याच फावड्यात बारीक कोळसा साडेतीन पौंड येई, तर लोहखनिज ३८ पौंड. फावड्यागणिक सुमारे २१ पौंड भार असला की दिवसभरात सर्वांत जास्त माल हलतो, असे टेलरला आढळले. मग खनिजाला लहान फावडे, कोळशाला मोठे. फावडी कारखान्याने पुरवायची. टेलरच्या हिशेबाप्रमाणे ४०० ते ६०० मजुरांचे काम १४० जण करू लागले. उरलेल्यांचे काय झाले, हे मात्र पुस्तकातली टीप विचारत नाही.

आता कच्च्या लोखंडाच्या लाद्यांची कथा. एकेक लादी ९२ पौंडांची. ती उचलायची, फळीवरून चढायचे, वाघिणीत टाकायची. माणशी रोज साडेबारा टन भरले जात. टेलरने ‘श्मिट’ नावाच्या मजुराकडून साडेसत्तेचाळीस टन भरून घेतले, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरीत वाढ ६० टक्के. श्मिटचे खरे नाव हेन्री नॉल. अशा कामाला बैलाच्या बुद्धीचाच माणूस हवा, असे टेलरने लिहून ठेवले. आणि हाच मनुष्य कामावरून परतल्यावर स्वतःच्या हातांनी स्वतःचे घर बांधत होता, हेही टेलरनेच लिहिले! ही दोन वाक्ये एकाच लेखणीतून कशी उतरली, याचे नवल वाटते.

१९७० नंतर अमेरिकन अभ्यासकांनी बेथलहेमचे जुने कागद तपासले. टेलरच्या सहकाऱ्यांनी धडधाकट मजुरांच्या टोळीला थोडा वेळ पूर्ण जोराने काम करायला लावले, त्यावरून माणशी दिवसाला ७५ टन हा आकडा काढला, विश्रांती आणि खोळंब्यासाठी ४० टक्के वजा केले, आणि ४५ टन हे वाजवी काम ठरले. हे ४० टक्के कोणत्या शास्त्राने दिले? कोणत्याच नाही, तो अंदाज होता. नव्या दराने काम करायला ज्यांनी नकार दिला, त्यांना कामावरून कमी करण्यात आले. घड्याळाने सेकंद मोजले हे खरे. वाजवी काय, हे घड्याळाबाहेरच ठरले.

१९०१ साली बेथलहेमच्या मालकांनी टेलरलाही नारळ दिला. तरीही त्याची कीर्ती वाढतच गेली. १९०६ मध्ये तो अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. हार्वर्डमध्ये १९०८ साली व्यवसाय प्रशासनाची शाळा निघाली. तिचे अधिष्ठाता एडविन गे यांनी टेलरची पद्धत अभ्यासक्रमात घ्यायचे ठरवले. टेलर आधी राजी नव्हता. हे ज्ञान कारखान्यातच मिळते, असा त्याचा हट्ट. शेवटी तो वळला आणि १९०९ पासून तिथे व्याख्याने देऊ लागला. ज्या विद्यापीठाची वाट डोळ्यांनी अडवली होती, तिथे तो असा पोहोचला. आजचा पदवीचा विषय वर्गात आला त्याच्या आरंभीच्या पावलांपैकी हे एक.

१९११ साली ‘शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे’ हे त्याचे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यातल्या ओतकामगारांनी संप केला. कारण घड्याळच. एक तंत्रज्ञ हातात स्टॉपवॉच घेऊन कामगारामागे उभा राहिला, ते त्यांना सहन झाले नाही. मजुरी बुडाली म्हणून हा संप नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अमेरिकन काँग्रेसने चौकशी समिती नेमली. तिचा अध्यक्ष विल्यम विल्सन लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला. १९१२ च्या जानेवारीत टेलरची साक्ष झाली, ती काही दिवस चालली. मालक आणि कामगार दोघांचीही वृत्ती पालटल्याशिवाय आपली पद्धत ही पद्धतच नव्हे, असे तो कळकळीने सांगत राहिला. उत्तम मजूर कोण, आणि जो तसा नाही त्याने कुठे जावे, असे समिती पुन्हा पुन्हा विचारत होती. टेलरची उत्तरे पटण्याजोगी नव्हती.

१९१५ च्या मार्चमध्ये काँग्रेसने लष्कर आणि नौदलाच्या खर्चाचे कायदे केले. कामगारांच्या कामावर स्टॉपवॉच लावण्यासाठी त्यातला पैसा वापरता येणार नाही, असे कलम त्यांत होते. त्याच महिन्याच्या २१ तारखेला, एकोणसाठावा वाढदिवस उलटल्यावर दुसऱ्याच दिवशी, टेलर फिलाडेल्फियात न्यूमोनियाने वारला. बंदीचे ते कलम १९४९ पर्यंत टिकले.