राष्ट्रपतिपदाला उभे राहिलेले कोकणचे चिंतामणराव

मैत्रिणींनो, राष्ट्रपतीची निवडणूक जवळ आली की टीव्हीवर नावांची नुसती चढाओढ लागते. अमुक पक्ष कोणाला उभं करणार, तमुक पक्ष कोणाला पाठिंबा देणार, कुणाची किती मतं. आपण मात्र स्वयंपाक करता करता ऐकतो आणि सोडून देतो. कारण या निवडणुकीत आपल्या बोटाला शाई लागत नाही. राष्ट्रपती निवडतात ते खासदार आणि आमदार. आमच्या वसई-विरारच्या महापौराला जसं नगरसेवक निवडतात, तसाच हा मामला. आपण निवडून दिलेल्यांनी पुढे निवडायचं.

म्हणूनच या निवडणुकीत मतदानाइतकीच, किंबहुना जास्तच महत्त्वाची असते ती उमेदवाराची निवड. पक्ष कोणाला उभं करतात आणि का करतात, हे समजून घ्यायचं असेल तर एका मराठी माणसाची गोष्ट माहीत हवी. प्रतिभाताई पाटील 2007 साली पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, तेव्हा तर विरोधी आघाडीत असलेल्या शिवसेनेनंही मराठी म्हणून त्यांना मतं दिली. हे बहुतेकींना आठवतं. पण त्याच्या 38 वर्षं आधी आपल्या कोकणातले एक विद्वान या पदासाठी उभे होते आणि हरले होते. त्यांचं नाव चिंतामणराव देशमुख. सगळा देश त्यांना सी. डी. देशमुख म्हणून ओळखायचा.

आमच्या जूचंद्र स्टेशनात दिव्याची गाडी पकडायची आणि दिव्याहून रोह्याची, की आपण चिंतामणरावांच्या मुलखात पोचतो. त्यांचा जन्म 14 जानेवारी 1896 चा, महाड तालुक्यातल्या नाते गावचा. रायगड किल्ला तिथून जवळच. वडील द्वारकानाथ वकील, आई भागीरथीबाई. बालपण रोह्याकडे गेलं. पोरगा असा हुशार, की 1912 च्या मॅट्रिकला पहिला आला आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानं पटकावली.

पुढे केंब्रिजला जाऊन ते वनस्पतिशास्त्र शिकले आणि तिथेही बक्षीस मिळवलं. 1918 साली आय.सी.एस.च्या परीक्षेत ते पहिले आले. इंग्रजांच्या देशात, इंग्रजांच्या परीक्षेत कोकणातला मुलगा पहिला! परत आल्यावर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्यांनी अनेक वर्षं सरकारी नोकरी केली. 1931 च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी ते सचिवांच्या कामात होते. 1939 साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट 1943 मध्ये बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आपण पदराच्या गाठीला, डाळीच्या डब्यात नोटा जपून ठेवतो ना, त्या रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गव्हर्नर म्हणून सही करणारा पहिला भारतीय हा आपला कोकणी माणूस.

तो काळही साधा नव्हता. महायुद्ध, मग फाळणी. घर वाटताना भांड्यांवरून भांडणं होतात, इथे तर देशाची तिजोरी वाटायची होती. 1948 च्या जूनपर्यंत पाकिस्तानचंही चलन रिझर्व्ह बँकच सांभाळत होती. 1949 च्या जानेवारीत बँक सरकारी मालकीची झाली, तेव्हाही गव्हर्नर तेच होते. त्यानंतर 1950 मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. 1952 ला ते कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले. त्यांच्या कारकिर्दीत पहिली पंचवार्षिक योजना झाली, 1955 ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि 1956 च्या सुरुवातीला आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. आपल्या कपाटातल्या एल.आय.सी.च्या पॉलिसीची सुरुवात ती.

त्यांच्या घरातली बाईही तेवढीच मोठी. पहिल्या पत्नी रोझिना इंग्रज होत्या, त्या 1949 मध्ये वारल्या. जानेवारी 1953 मध्ये चिंतामणरावांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं. दुर्गाबाई मूळच्या आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या. लहानपणी त्यांचं लग्न लावून दिलं होतं, मोठ्या झाल्यावर त्यांनी ते नाकारलं. 1923 ला काकीनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनात ही चौदा वर्षांची मुलगी खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका होती. तिकीट नाही म्हणून तिनं चक्क नेहरूंना अडवलं! पुढे त्यांनी मद्रासला आंध्र महिला सभा काढली, त्या घटना समितीच्या सदस्य झाल्या, केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. नवरा-बायकोच्या भांडणांसाठी वेगळं कुटुंब न्यायालय असावं, असा आग्रह धरणाऱ्यांत त्या होत्या. आम्ही समाजकार्य करणाऱ्या बायका आज ज्या वाटेनं चालतो, ती वाट त्यांच्यासारख्यांनी पाडली. लग्नाच्या साक्षीदारांत खुद्द नेहरू होते, ते ज्यांना तिनं दारात अडवलं होतं तेच.

आणि याच नेहरूंच्या मंत्रिमंडळातून चिंतामणराव बाहेर पडले. 1956 च्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. चिंतामणरावांनी राजीनामा दिला आणि जुलैमध्ये ते मंत्रिमंडळातून मोकळे झाले. लोकसभेत त्यांनी गोळीबाराच्या चौकशीची मागणी का डावलली, म्हणून सरकारला जाब विचारला. देशाचं अर्थखातं हातात असताना, पंतप्रधानांशी घरोबा असताना एवढं सोडून देणं सोपं नाही. आपण साधं मंडळाचं खजिनदारपद सोडताना किती दिवस घालवतो!

त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले, 1959 ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1962 ते 1967 ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं होतं. राजकारण मागे पडलं होतं. असा माणूस 1969 ला राष्ट्रपतिपदाच्या रिंगणात कसा आला?

3 मे 1969 ला राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. सत्तेत काँग्रेस होती, पण घरात दोन चुली झाल्या होत्या. एकीकडे पंतप्रधान इंदिरा गांधी आणि दुसरीकडे पक्षातली जुनी मंडळी. जुलैमध्ये बंगळूरला पक्षाच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिराजींना जगजीवनराम हवे होते. बहुमतानं नाव ठरलं नीलम संजीव रेड्डी यांचं. त्या बहुमतात आपले यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटीलही होते. म्हणजे देशाचा प्रथम नागरिक कोण होणार, याचा विचार बाजूला पडला आणि पंतप्रधानांना शह कोण देईल यावर उमेदवार ठरला.

इंदिराजी गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मोरारजी देसाईंचं अर्थखातं काढून घेतलं आणि 19 जुलैला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. दुसऱ्याच दिवशी गिरींनी पद सोडलं आणि ते अपक्ष उभे राहिले. रेड्डींच्या अर्जावर इंदिराजींचीच सही होती, पण त्यांचा कल गिरींकडे हे हळूहळू सगळ्यांना कळलं.

काँग्रेसच्या या भांडणात स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांना स्वतःचा उमेदवार हवा होता. त्यांनी चिंतामणरावांना विचारलं. स्वच्छ, विद्वान, पक्षाचा शिक्का नसलेला, मोठी पदं सांभाळलेला माणूस. राष्ट्रपती कसा असावा, याचा नमुनाच म्हणा. वय 73. ते उभे राहिले. पण त्या दोन पक्षांकडे निवडून आणण्याएवढी मतं नव्हती, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मग त्यांना उभं करून काय साधणार होतं? इथे जरा मतमोजणी समजून घ्या. समजा आमच्या महिला मंडळात 30 जणी आहेत आणि सहलीला कुठे जायचं ते ठरवायचंय. प्रत्येकीनं चिठ्ठीवर पहिली पसंती लिहायची आणि दुसरीही. अलिबागला 14, वज्रेश्वरीला 11, माथेरानला 5. निम्म्याहून जास्त म्हणजे 16 हव्यात, त्या कुणालाच नाहीत. मग माथेरान बाद. त्या पाच जणींची दुसरी पसंती बघायची. तिघींनी वज्रेश्वरी लिहिलंय, दोघींनी अलिबाग. अलिबाग 16, वज्रेश्वरी 14. सहल अलिबागला! राष्ट्रपतीच्या निवडणुकीत हेच होतं. फरक एवढाच, की प्रत्येक खासदार-आमदाराच्या मताला वजन असतं. आमदाराच्या मताचं वजन त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवर ठरतं. खासदाराचं 1969 ला 576 होतं.

तर काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी स्वतंत्र पक्षाशी आणि जनसंघाशी बोलणी केली. तुमच्या आमदार-खासदारांनी पहिली पसंती देशमुखांना द्यावी, पण दुसरी आमच्या रेड्डींना, असा त्याचा अर्थ. हे बाहेर आल्यावर इंदिराजींच्या बाजूनं कांगावा झाला, की आपलाच पक्ष विरोधकांशी हातमिळवणी करतो. मग आमदार-खासदारांनी आपापल्या सदसद्विवेकबुद्धीनं मत द्यावं, असं सांगण्यात आलं. ज्या चिंतामणरावांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता, त्यांचं नाव दोन्हीकडचे आपापल्या सोयीनं वापरत होते.

16 ऑगस्टला मतदान झालं आणि 20 तारखेला मोजणी. गिरी 4,01,515, रेड्डी 3,13,548, चिंतामणराव 1,12,769. जिंकायला 4,18,169 हवी होती. कुणाचीच तेवढी नव्हती. बाद झालेल्यांच्या दुसऱ्या पसंतीच्या चिठ्ठ्या उघडल्या. त्यांतली बरीचशी मतं चिंतामणरावांचीच. रेड्डींना त्यातून सुमारे 92 हजार मिळाली, गिरींना साडेअठरा हजार. तरी गिरी 4,20,077 वर पोचले आणि जिंकले, रेड्डी 4,05,427 वर थांबले. 2022 पर्यंत झालेल्या 16 निवडणुकांत दुसऱ्या पसंतीवर निकाल लागला तो एवढाच. त्याच नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. 1977 ला हेच रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले, आणि ते बघायला चिंतामणराव हयात होते.

मला विचाराल तर चिंतामणराव या निवडणुकीत हरले, एवढंच सांगून थांबणं अन्यायाचं आहे. योग्यतेत ते कुणाहून कमी नव्हते. पण त्या वर्षी कुठल्याच मोठ्या गटानं योग्यता मोजली नाही, मोजली ती बेरीज. त्यांना उभं करणाऱ्यांनाही विजयाची आशा नव्हती. मग त्यांचं काय गेलं? काहीच नाही. पद गेलं तरी ज्याचं नाव राहतं, असा तो माणूस. 1956 ला खुर्ची सोडून त्यांनी ते आधीच दाखवून दिलं होतं. 1975 ला पती-पत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळालं. 1981 च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी, 2 ऑक्टोबर 1982 ला, हैदराबादला चिंतामणरावही गेले.

ही जुनी गोष्ट आज आपल्याला कशाला, असं काही जणी म्हणतील. सांगते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा आपल्या आहेत. निवडणूक लागली की पक्षाची मंडळी दारात येतात. ताई, तुम्ही उभ्या राहा, सगळं आम्ही बघतो! आमच्या ओळखीच्या एकीला एका पक्षानं अशाच एका जागी उभं केलं, जिथे मतं फोडण्यापलीकडे त्यांना काही नको होतं. प्रचार संपला आणि तिचा फोन घ्यायलाही कुणी नव्हतं. घरात मात्र बोलणी तिलाच बसली. चिंतामणरावांमागे चाळीस वर्षांचं काम आणि नाव होतं, म्हणून हार त्यांना चिकटली नाही. आपल्यामागे तेवढी पुण्याई नसते. हरल्याचा डाग आपल्याच पदराला लागतो.

म्हणून कुणी उभं राहा म्हटलं तर हरखून जाऊ नका, आणि घाबरून नाहीही म्हणू नका. आधी तीन गोष्टी विचारा. ही जागा पक्षाला खरंच जिंकायची आहे का? माझ्यासाठी कोण कोण, किती दिवस फिरणार? आणि निवडून आल्यावर सही माझी आणि निर्णयही माझाच असणार का? उत्तरं गुळमुळीत आली, तर समजा की तुमच्या नावाची त्यांना फक्त बेरजेसाठी गरज आहे. मग उभं राहायचंच तर डोळे उघडे ठेवून, आपल्या कारणासाठी उभं राहा. वॉर्डातल्या पाण्याचा प्रश्न चार लोकांसमोर मांडता आला, तरी ती उमेदवारी फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

आमच्या जूचंद्रला रांगोळीचं गाव म्हणतात. रांगोळीतून थोरामोठ्यांचे चेहरे हुबेहूब काढणारे हात इथे घराघरांत आहेत. येत्या दिवाळीत कुणीतरी चिंतामणरावांचा आणि शेजारी दुर्गाबाईंचा चेहरा काढावा, अशी माझी इच्छा आहे. बघायला येणाऱ्या मुली विचारतील हे दोघं कोण, आणि मग सांगायला निमित्त मिळेल.