चित्रमय जगाचा कर्ता : कोमेनियस

युरोपच्या मध्यभागी मोरेव्हिया नावाचा प्रांत आहे. आज तो चेक प्रजासत्ताकात मोडतो. या प्रांतात २८ मार्च १५९२ रोजी यान आमोस कोमेन्स्की याचा जन्म झाला. त्या काळचे विद्वान आपले नाव लॅटिन वळणाने लिहीत. त्यामुळे जग त्याला कोमेनियस या नावाने ओळखू लागले. त्याचे आईवडील तो लहान असतानाच वारले. नातलगांच्या आश्रयाने तो वाढला आणि वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे इतर मुलांपेक्षा पुष्कळ उशिरा, प्रेरोव येथील लॅटिन शाळेत दाखल झाला.

या उशिराचा एक लाभ झाला. लहान मुले जे निमूटपणे सोसतात, ते या जाणत्या मुलाच्या मनाला सलू लागले. त्या काळी युरोपातील बहुतेक सारी विद्या लॅटिन भाषेत होती आणि ही भाषा मुलांच्या घरी बोलली जात नसे. शाळेत गेल्याबरोबर मुलांना व्याकरणाचे नियम घोकावे लागत. चुकले की छडी बसे. शब्द पाठ होत, परंतु ते ज्या वस्तूंचे, त्या वस्तू कोणी दाखवीत नसे.

पुढे जर्मनीत उच्च शिक्षण घेऊन कोमेनियस मायदेशी परतला. प्रेरोवच्याच शाळेत तो शिक्षक झाला व नंतर आपल्या पंथाचा धर्मोपदेशक झाला. परंतु १६१८ मध्ये युरोपात धर्मपंथांचे युद्ध पेटले. ते तीस वर्षे चालले. १६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत त्याच्या बाजूचा पराभव झाला आणि त्याच्या पंथाच्या लोकांचा छळ सुरू झाला. १६२२ मध्ये त्याची पत्नी व दोन्ही मुले साथीच्या रोगाने दगावली. त्याचा ग्रंथसंग्रह जाळण्यात आला. काही वर्षे लपतछपत काढून १६२८ मध्ये त्याने देश सोडला व पोलंडमधील लेश्नो या गावी आश्रय घेतला. पुन्हा मायदेशी राहणे त्याच्या नशिबी नव्हते.

लेश्नो येथे त्याने लॅटिन शिकविण्यासाठी एक पुस्तक रचले. ते १६३१ मध्ये प्रसिद्ध झाले. नाना वस्तूंची माहिती देणारी सुमारे १००० वाक्ये त्यात होती. त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली; इंग्लंड व स्वीडन या देशांनी कोमेनियसला सन्मानाने बोलावून घेतले. तथापि अगदी कोवळ्या वयाच्या मुलांना हे पुस्तक जडच जात होते. १६५० मध्ये तो हंगेरीतील शारोश्पाटक येथील शाळेत आला, तेव्हा हीच अडचण त्याच्यासमोर उभी राहिली. तेथे त्याने चित्रांच्या पुस्तकाची योजना आखली.

या पुस्तकात १५० धडे आहेत आणि जवळजवळ प्रत्येक धड्याच्या माथ्यावर एक चित्र आहे. रोटी भाजणाऱ्याचा धडा घ्या. चित्रात पिठाची चाळणी आहे, कणीक मळण्याची काथवट आहे, पेटलेली भट्टी आहे. प्रत्येक वस्तूवर बारीक आकडा घातला आहे. खालच्या मजकुरात त्या वस्तूचे नाव आले, की शेजारी तोच आकडा येतो. मजकूर एका बाजूस लॅटिनमध्ये व दुसऱ्या बाजूस मुलांच्या बोलीत. मुलाने शब्दावर बोट ठेवावे, आकडा शोधावा आणि चित्रात वस्तू पाहावी. अग्नी, पाणी, ढग, मधमाश्या, गुरे, सुतार, कुंभार, शिंपी अशा नित्य परिचयाच्या गोष्टी त्याने पुस्तकात आणल्या. ज्या वस्तू मुले रोज पाहतात, त्यांना पाठ्यपुस्तकात असा मान त्यापूर्वी क्वचितच मिळाला होता.

अक्षरांची ओळख तर फारच मौजेची आहे. आपल्या अंकलिपीत कमळाचा 'क' असतो; तेथे अक्षर वस्तूच्या नावातून येते. कोमेनियसने ते प्राण्याच्या आवाजातून घेतले. कोकराचे ओरडणे ऐकून 'ब', अस्वलाच्या पुटपुटण्यातून 'म', सापाच्या फूत्कारातून 'स', पिलाच्या चिवचिवाटातून 'प' आणि गुरगुरणाऱ्या कुत्र्यापासून 'र'. कुत्र्याकडून 'र' शिकलेले मूल तो जन्मात विसरणार नाही. चित्राने सारे भागत नाही हेही त्याला ठाऊक होते. रंग व चव काळ्या शाईने कशी दाखविणार? म्हणून प्रत्यक्ष वस्तू दाखवाव्यात आणि मुलांना हवे तर चित्रे हाताने काढू द्यावीत, असे त्याने शिक्षकांना सुचविले.

पुस्तक लिहून झाले, परंतु शारोश्पाटक येथे चित्रांचे ठसे कोरणारा योग्य कारागीर मिळेना. तेव्हा हस्तलिखित जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी पाठवावे लागले. कोमेनियस १६५४ मध्ये लेश्नोला परतला. तेथे दोन वर्षांनी सर्वांत मोठा घाव बसला. पोलंड व स्वीडन यांच्या युद्धात एप्रिल १६५६ मध्ये लेश्नो गाव जाळण्यात आले. त्यात कोमेनियसचे घर, ग्रंथ आणि हस्तलिखिते यांची राख झाली. आपल्या मातृभाषेचा, चेक भाषेचा, मोठा कोश तो चाळीसहून अधिक वर्षे रचीत होता. तोही गेला. वय चौसष्ट वर्षांचे. तेवढे काम पुन्हा करण्यास आयुष्य पुरणार नव्हते. चित्रांचे पुस्तक मात्र दूर न्यूरेंबर्गला असल्यामुळे वाचले.

तो हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरी जाऊन राहिला. १६५८ मध्ये मिखाएल एंडटर या मुद्रकाने ते चित्रमय पुस्तक लॅटिन व जर्मन भाषांत प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी चार्ल्स हूल या इंग्रज शिक्षकाने त्याचे भाषांतर लंडनमध्ये छापले. नंतर शंभराहून अधिक वर्षे युरोपातील मुले ते चाळीत राहिली. महाकवी गटे याच्याही बालपणी ते त्याच्या हाती होते.

१५ नोव्हेंबर १६७० रोजी कोमेनियस ॲम्स्टरडॅम येथे निधन पावला. जवळच्या नार्डेन गावी त्याला पुरण्यात आले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १६८५ मध्ये, आजच्या स्लोव्हाकियातील लेवोचा येथे त्या पुस्तकाची चार भाषांतील आवृत्ती निघाली. लॅटिन, जर्मन व हंगेरियन यांच्या शेजारी तीत एक रकाना चेक भाषेचा होता.