गोळ्या संपल्या, साथीदार पडले, तरी माणगावच्या या नाईकाने शत्रूची चौकी एकट्याने घेतली!

मुंबई-गोवा महामार्गावरचं माणगाव म्हटलं की बहुतेकांना आठवतं ते ट्रॅफिक. गणपतीला किंवा शिमग्याला कोकणात जाणारा प्रत्येक जण इथे कधी ना कधी अडकलेला असतो. पण याच माणगावात तहसील कार्यालयासमोर एका सैनिकाचा पुतळा आहे. तो कोणाचा आहे, हे गाडीतल्या फार थोड्यांना माहीत असतं.

तो पुतळा आहे नाईक यशवंत घाडगे यांचा. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे रायगडचे सुपुत्र.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. तेव्हा रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. भातशेती एका पावसाळ्यापुरती, बाकी आठ महिने हाताला काम शोधायचं, अशी इथली परिस्थिती. त्यामुळे कोकणातल्या तरुणांपुढे दोन वाटा असायच्या. एक मुंबईच्या गिरणीची आणि दुसरी पलटणीची.

यशवंतराव पलटणीत गेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये, म्हणजे फौजी भाषेत ३/५ मराठामध्ये.

आता नाईक म्हणजे नक्की काय? दंडावर दोन फिती आणि हाताखाली साधारण दहा जणांचा सेक्शन. त्या काळात अधिकारी व्हायचं तर डेहराडूनच्या मिलिटरी अकॅडमीत किंवा युद्धकाळात बेळगाव, महू अशा ठिकाणी उघडलेल्या ट्रेनिंग स्कूलमध्ये जावं लागायचं. तिथे इंग्रजी शिक्षणाशिवाय प्रवेश नव्हता. खेड्यातून आलेल्या मुलाची शिडी वेगळी होती. शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार आणि नशीब असेल तर जमादार, सुभेदार. पण प्रत्यक्ष गोळीबारात सगळ्यात पुढे असायचा तो हा नाईकच. हल्ल्याचा हुकूम वरून यायचा, तो पार पाडायचा त्याच्या दहा माणसांनी.

३/५ मराठा ही साधीसुधी बटालियन नव्हती. १९४१ मध्ये आफ्रिकेत, इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत तिने इटालियन फौजेशी झुंज दिली होती. तेव्हा तिचे प्रमुख होते डेनिस रीड. १९४४ साली हेच रीड मेजर जनरल झाले होते आणि इटलीत दहाव्या भारतीय डिव्हिजनचं नेतृत्व करत होते. त्यांची जुनी मराठा पलटण याच डिव्हिजनमध्ये होती.

४ जून १९४४ रोजी रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आलं. जर्मन सैन्य उत्तरेकडे सरकू लागलं, पण पळत नव्हतं. प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक वळणावर मशीनगन लावून ते दोस्तांचा वेळ खात होतं, कारण मागे त्यांची गॉथिक लाइन नावाची मोठी बचावफळी तयार होत होती. दहाव्या डिव्हिजनच्या वाट्याला आलं टायबर नदीचं वरचं खोरं. डोंगर, चढ आणि झाडी. सह्याद्रीतल्या माणसाला ओळखीचं वाटावं असं.

या मोहिमेत ऑस्टर नावाची छोटी, हलकी विमानं वापरली जायची. ती चालवायचे तोफखान्याचेच अधिकारी. वरून शत्रूचा ठावठिकाणा बघायचा आणि कुठे मारा करायचा ते वायरलेसवरून आपल्या तोफांना सांगायचं, हे त्यांचं काम. पण आडोशाला नीट लपवलेली एखादी मशीनगन वरून दिसत नाही. ती सापडते पायदळाला आणि बऱ्याचदा ती सुरू झाल्यावरच.

१० जुलै १९४४ ला नेमकं तेच घडलं.

३/५ मराठाच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम मोर्चावर हल्ला चढवला. यशवंतरावांचा सेक्शन पुढे सरकत असताना अगदी जवळून मशीनगन धडधडू लागली. काही क्षणांत सेक्शनमधला प्रत्येक जण मारला गेला किंवा जखमी होऊन पडला. उभे राहिले ते एकटे यशवंतराव.

मागे यायला कोणी उरलेलं नाही, हे त्यांना दिसत होतं. तरी ते थेट मशीनगनवर धावले. आधी हातबॉम्ब टाकला. त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोघेही गारद झाले. मग टॉमीगनने त्या तुकडीतल्या आणखी एकाला टिपलं. अजून दोघे समोर होते आणि मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. यशवंतरावांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना लोळवलं.

चौकी पडली होती. पण लपलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच चौकीत यशवंतरावांनी प्राण सोडला. वय होतं अवघं बावीस.

नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश फौजेतला शौर्याचा हा सर्वोच्च सन्मान. इटलीच्या मोहिमेत असे २० क्रॉस दिले गेले, त्यातले ६ भारतीय फौजेतल्या जवानांचे. यशवंतरावांचं पदक त्यांच्या तरुण पत्नीने स्वीकारलं. मराठा रेजिमेंटला या युद्धात दुसरा क्रॉस मिळाला तो नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधव यांना, एप्रिल १९४५ मधल्या पराक्रमासाठी.

पण इथे एक अडचण झाली. यशवंतराव लढले ते ब्रिटिश साम्राज्याच्या झेंड्याखाली, आणि तेही चले जाव चळवळीला दोन वर्षं झालेली असताना. स्वातंत्र्यानंतर देशाच्या इतिहासात अशा जवानांना कुठे बसवायचं, हे कोणाला नीट उमगलं नाही. इटलीत ५,७८२ भारतीय जवान कामी आले. त्यांच्याबद्दल शाळेच्या पुस्तकात एखादी ओळ सापडली तरी पुष्कळ.

त्यांची पलटण मात्र पुढे चालत राहिली. ३/५ मराठाला युद्धानंतर छत्रीधारी बटालियन करण्यात आलं. १९४८ मध्ये ती काश्मीरमध्ये नौशेरा-झांगड भागात लढली. १९५२ मध्ये तिचं नाव २ पॅरा झालं. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशातल्या टांगाइलजवळ विमानांतून उड्या घेऊन पाकिस्तानी फौजेची वाट अडवणारी आणि पाच दिवसांनी ढाक्यात शिरणारी बटालियन हीच. साम्राज्यासाठी उभी राहिलेली पलटण आता स्वतःच्या देशासाठी लढत होती.

आणि इटली? कॅसिनोच्या युद्धस्मारकावर यशवंतरावांचं नाव आहेच. शिवाय २०२३ मध्ये पेरुजाजवळच्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने एक स्मारक उभारलं. ते आहे सूर्यघड्याळाच्या रूपात. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यामागचा विचार. पळसगावच्या पोराची आठवण त्या परक्या गावाने ७९ वर्षांनीही जपली.